पत्त्यांच्या कॅटाएवढा मीडिया प्लेअर

माझ्या पहिल्या मीडिया प्लेअरला घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे. टीव्हीखाली उघडा सर्किट बोर्ड, त्याला लोंबणाऱ्या चार वायरी आणि चालवायला मांडीवर कीबोर्ड. चित्र सुरेख दिसायचं, आवाज छान यायचा, पण सिनेमा लावायचा म्हटलं की मला हाक मारावी लागे. दोन महिन्यांत सगळे निमूटपणे पुन्हा टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह खुपसायला लागले आणि बोर्ड कपाटात गेला.

दुसऱ्यांदा जमवाजमव केली तेव्हा एकच अट घातली. घरात ज्याला या यंत्रांत काडीचा रस नाही, त्या माणसाला टीव्हीच्या नेहमीच्या रिमोटवरून, मला न विचारता, हवा तो सिनेमा लावता आला पाहिजे. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या अटीला धरून आहे. त्यामुळे प्रोसेसरच्या वेगाबद्दल इथे फारसं सापडणार नाही. चार्जर, रिमोट आणि फाइलींची नावं यांवर मात्र बरंच आहे.

हा डबा तुमच्यासाठी आहे का?

तुमचं बहुतेक पाहणं सशुल्क स्ट्रीमिंग सेवांवर होत असेल तर या भानगडीत पडू नका. अशा बहुतेक सेवा एचडी चित्र पाठवण्याआधी उपकरणात वाइडव्हाइन नावाच्या कॉपीविरोधी संरक्षणाची एल१ पातळी आहे का हे तपासतात. ती पातळी कारखान्यातच हार्डवेअरमध्ये बसवलेली असते, नंतर घालता येत नाही. आपला डबा ज्यावर करायचा त्या रास्पबेरी पायमध्ये, म्हणजे एकाच सर्किट बोर्डावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, ती नाही. खटपट करून काही सेवा चालवता येतात, पण चित्र कमी प्रतीचं मिळतं आणि सेवेने काही बदल केला की सगळं बंद पडतं. त्यासाठी अँड्रॉइड टीव्हीची तयार स्टिक घेतलेली बरी.

तुमच्याकडे स्वतःच्या फाइली असतील तर गोष्ट वेगळी. कॅमेऱ्यातले घरचे व्हिडिओ, फोनमधून उतरवलेले हजारो फोटो, विकत घेतलेल्या डिस्कवरून काढलेल्या प्रती, वर्षानुवर्षं जमवलेलं संगीत. हे सगळं तीन ठिकाणी विखुरलेलं असतं आणि म्हणूनच कोणी पाहत नाही. ते एका जागी आणून पोस्टरांसकट टीव्हीवर मांडणारा डबा आपल्याला करायचा आहे.

बोर्ड निवडताना

रास्पबेरी पाय पहिल्यांदा विक्रीला आला २९ फेब्रुवारी २०१२ रोजी. बोर्ड ८५ बाय ५६ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण पत्त्यांच्या कॅटाएवढा, आणि आजही त्याचा मुख्य आकार तोच आहे. मीडिया प्लेअर म्हणून तो पहिल्यापासून लोकप्रिय होता, कारण व्हिडिओ उलगडण्याचं काम त्यातला मुख्य प्रोसेसर करतच नव्हता. त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग होता.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पैसे वाया जातात ते इथेच. व्हिडिओ फाइल ही दाबून घट्ट केलेली असते, आणि दाबण्याची जी पद्धत तिला म्हणतात कोडेक. आज भेटणाऱ्या फाइलींत तीन-चारच कोडेक असतात: २००३ पासूनचा एच.२६४, २०१३ मध्ये आलेला एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी, आणि इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये व्हीपी९ व एव्ही१. चिपमध्ये त्या कोडेकसाठी खास सोय असेल तर ४के सिनेमासुद्धा हा छोटा बोर्ड न तापता चालवतो. सोय नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळतं.

२०१९ च्या जूनमध्ये आलेल्या पाय ४ मध्ये एच.२६४ साठी १०८०पी (म्हणजे फुल एचडी) पर्यंत आणि एचईव्हीसीसाठी ४के पर्यंत अशी सोय आहे. २०२३ मध्ये आलेला पाय ५ त्याच्याहून पुष्कळ वेगवान, पण त्यात हार्डवेअरची सोय फक्त एचईव्हीसीची. एच.२६४ ची काढून टाकली. ऐकून धक्का बसतो, पण त्याचा प्रोसेसर इतका दमदार आहे की १०८०पीची एच.२६४ फाइल तो स्वतःच्या बळावर आरामात उलगडतो. उष्णता मात्र वाढते, म्हणून त्याला पंखा लागतोच.

माझा कौल पाय ४ ला, तोही २ जीबी रॅमचा. यापेक्षा जास्त रॅम या कामाला उपयोगी पडत नाही. कपाटात पाय ३ पडून असेल तर १०८०पीच्या एच.२६४ फाइलींसाठी तो आजही चालेल, नवा घ्यायची घाई नको. ४के फाइली मात्र त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

दुसरा रस्ता वापरलेल्या मिनी पीसीचा. कार्यालयांतून निघालेले, पुस्तकाएवढे इंटेलचे डबे स्वस्तात मिळतात. १० बिट (रंगांच्या जास्त छटा असलेलं) एचईव्हीसी हवं असेल तर सातव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल प्रोसेसर पाहा, एव्ही१ हवं असेल तर अकराव्या पिढीपासून पुढचा. इंटेल एन१०० चिपचे छोटे डबे हे सगळे कोडेक चालवतात आणि वीजही कमी खातात. ताकदीत ते पायपेक्षा सरस आहेत. पण आपल्या अटीच्या दृष्टीने एक खोट आहे: टीव्हीच्या रिमोटवरून चालण्याची सोय अशा बहुतेक डब्यांत नसते. पायमध्ये ती असते. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागतो.

चार्जर, केबल, कार्ड

बोर्डावर खर्च करून लोक फोनचा जुना चार्जर लावतात आणि मग महिनाभर भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतात. मीही बसलो. सिनेमा चाळीस मिनिटं नीट चालायचा आणि मग हार्ड डिस्क गायब व्हायची. डिस्क बदलली, केबल बदलली, सगळं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं. दोष होता चार्जरच्या बारीक वायरीत.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा यूएसबी-सी अडॉप्टर लागतो, पाय ५ ला ५ अँपिअरचा. फोनचे जलद चार्जर जास्त शक्ती देतात ती व्होल्टेज चढवून. ५ व्होल्टवर ते तितके दमदार असतीलच असं नाही, शिवाय बारीक केबलमध्ये वाटेतच व्होल्टेज पडतं. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचं चिन्ह येतं. ते एकदा जरी दिसलं तरी आधी अडॉप्टर बदला. बाकीच्या तपासण्या नंतर. रास्पबेरी पायचाच अधिकृत अडॉप्टर घेतला की हा प्रश्न संपतो.

पाय ४ च्या एचडीएमआय खाचा छोट्या, म्हणजे मायक्रो एचडीएमआय प्रकारच्या आहेत. साध्या केबलला जोडायचा अडाप्टर घेऊ नका, थोड्या धक्क्यानेही तो सैल होतो. एका टोकाला मायक्रो आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा प्लग अशी सरळ केबल घ्या. खाचा दोन आहेत. पॉवरच्या खाचेला लागून असलेली वापरायची.

मेमरी कार्ड १६ किंवा ३२ जीबीचं पुरे, कारण सिनेमे त्यावर ठेवायचेच नाहीत. ए१ असा शिक्का असलेलं, माहितीच्या कंपनीचं कार्ड घ्या. नकली कार्डं बाजारात भरपूर असतात आणि त्यांचा दोष लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतो.

पेटी अॅल्युमिनियमची, अंगावर खाचा असलेली घेतली तर पाय ४ ला पंखा लागत नाही. पेटीच उष्णता शोषून घेते आणि रात्री खोलीत घरघर ऐकू येत नाही. ८० अंश सेल्सिअसला पोचला की हा बोर्ड आपणहून वेग कमी करतो. धातूच्या पेटीत वाय-फायची ताकद थोडी घटते, त्यामुळे डबा केबलने राउटरला जोडता आला तर दुधात साखर.

कार्डावर सॉफ्टवेअर चढवणं

पडद्यावर जे दिसतं ते सॉफ्टवेअर म्हणजे कोडी. मूळचा तो एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी लोकांनी लिहिलेला प्लेअर. पुढे एक्सबीएमसी या नावाने वाढला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. तो मोफत आणि मुक्त आहे. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची कोडी चालवण्यापुरतीच काटछाट केलेली आवृत्ती म्हणजे लिब्रेइलेक. ती २०१६ मध्ये ओपनइलेक या तशाच जुन्या आवृत्तीपासून वेगळी झाली. डबा सुरू केला की थेट कोडीच उघडतो. मधे डेस्कटॉप नाही, विंडो नाही, पासवर्ड विचारणं नाही. घरातल्यांना ‘यात कॉम्प्युटर आहे’ हे कळता कामा नये, म्हणून मला ती आवडते. ओएसएमसी हाही चांगला पर्याय आहे. त्याच्या खाली डेबियन ही पूर्ण लिनक्स असल्यामुळे इतर कामंही त्यात करता येतात. पण ‘इतर कामं’ हीच मीडिया प्लेअर बिघडवायची सुरुवात असते.

कृती अशी:

१. नेहमीच्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर हा मोफत प्रोग्राम घाला. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतो.

२. कार्ड रीडरमध्ये मेमरी कार्ड घाला. बाकीच्या सगळ्या पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क आधी काढून ठेवा. पुढच्या पायरीत निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं आणि चुकीची डिस्क निवडली गेली तर परत फिरता येत नाही.

३. इमेजरमध्ये आपला बोर्ड निवडा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत मीडिया प्लेअरचा वेगळा गट आहे, त्यातून लिब्रेइलेक घ्या. पाय ४ आणि पाय ५ साठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. एकीचं कार्ड दुसऱ्या बोर्डात सुरू होणार नाही.

४. कार्ड निवडा, राइट म्हणा. लिहून झाल्यावर इमेजर पडताळणी करतो, ती पूर्ण होऊ द्या. इथे चूक निघाली तर कार्ड खराब आहे असं समजा आणि दुसरं आणा.

मिनी पीसी असेल तर लिब्रेइलेकची ‘जेनेरिक’ आवृत्ती पेन ड्राइव्हवर चढवा, बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधलं) सिक्युअर बूट बंद करा आणि त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा. बाकी सगळं सारखंच.

पहिल्यांदा सुरू करताना

जोडणीचा क्रम पाळा: कार्ड, एचडीएमआय, नेटवर्कची केबल, कीबोर्ड आणि सगळ्यात शेवटी पॉवर. टीव्ही आधीच सुरू करून योग्य इनपुटवर ठेवा. आधी रंगीत चौकोन दिसेल, मग लिब्रेइलेकचं चिन्ह, मग कार्डावरची जागा वाढवली जाईल आणि डबा एकदा आपोआप पुन्हा सुरू होईल. एवढ्यात घाबरून पॉवर काढू नका.

नंतर एक छोटा मदतनीस चार-पाच प्रश्न विचारतो. भाषा निवडा, डब्याला नाव द्या, वाय-फाय असेल तर जोडा. एसएसएच आणि सांबा सुरू करायचे का, असं शेवटी विचारलं जातं. सांबा सुरू ठेवा. त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या डब्यातले फोल्डर दिसतात. एसएसएच म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आज्ञा टाइप करून या डब्यात शिरायची सोय, तिची गरज क्वचितच पडते. सुरू केलंत तर तिथल्या तिथे पासवर्ड बदला, कारण मूळचा पासवर्ड जगजाहीर आहे.

रिमोट: ही पायरी गाळू नका

एचडीएमआय केबलमध्ये चित्र आणि आवाजाबरोबर एक बारीकशी तार अशी असते की तिच्यावरून टीव्ही आणि जोडलेली यंत्रं एकमेकांशी बोलतात. तिचं नाव सीईसी. टीव्हीच्या रिमोटवर खालचं बटण दाबलं की टीव्ही ते बटण या तारेवरून डब्याला कळवतो आणि कोडीत खालची ओळ निवडली जाते. वेगळा रिमोट नाही, बॅटऱ्या नाहीत.

मग ही सोय अनेकांना का सापडत नाही? कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती बरेचदा बंद असते आणि प्रत्येक कंपनीने तिला आपलं वेगळं नाव दिलं आहे. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिक व्हिएरा लिंक. ते नाव शोधून सुरू करा आणि डबा एकदा बंद करून चालू करा. मघाशी पॉवरच्या बाजूचीच एचडीएमआय खाच वापरायला सांगितलं होतं, त्याचंही कारण हेच.

रिमोट चालू लागला की कोडीत सेटिंग्ज, सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स असं जाऊन सीईसी अडाप्टर उघडा. टीव्ही बंद केल्यावर डब्याने काय करायचं हे तिथे ठरवता येतं. तिथे ‘शटडाउन’ निवडू नका. पाय ४ ला बंद झाल्यावर परत सुरू करायचं बटणच नाही, प्लग काढून घालावा लागतो आणि मग पुन्हा तुम्हालाच हाक येते. फक्त चालू असलेलं थांबवायला सांगा. डबा रात्रंदिवस चालू राहू दे. रिकामा असताना तो तीन वॉटच्या आसपासच वीज घेतो.

काही टीव्ही रिमोटची निम्मीच बटणं पुढे पाठवतात. तेव्हा अँड्रॉइड फोनवर कोरे हे कोडीचं अधिकृत अॅप घ्या. त्यासाठी सेटिंग्ज, सर्व्हिसेस, कंट्रोल इथे जाऊन एचटीटीपीवरून नियंत्रणाची परवानगी द्यावी लागते. सिनेमाचं नाव टाइप करून शोधायला फोनच सोयीचा.

फाइली कुठे ठेवायच्या

सर्वांत सोपं म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क थेट डब्याला लावणं. पाय ४ वर निळी खाच यूएसबी ३ ची, डिस्क तिथे. पण चारही खाचांना मिळून हा बोर्ड १.२ अँपिअरच देतो. फिरत्या तबकडीची एक छोटी डिस्क चालते, दोन लावल्या की ओढाताण होते. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॉप्टर लावला तर तो यूएसबीला फक्त ०.६ अँपिअर देतो, त्यामुळे तिथे ५ अँपिअरचाच हवा. मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॉप्टर असलेला हब घ्या.

डिस्कचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस ठेवा, म्हणजे तीच डिस्क काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला लावता येते. डिस्क कायम डब्यालाच राहणार असेल तर ईएक्सटी४ सर्वांत भरवशाचं.

एक गंमत सांगतो. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना तिच्यातून जो विद्युतगोंधळ बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यामुळे डिस्क लावली की वायरलेस कीबोर्ड अडखळतो, ब्लूटूथ तुटतं, वाय-फाय मंदावतं. आणि माणूस कीबोर्डच्या बॅटऱ्या बदलत बसतो. कीबोर्डचा डोंगल काळ्या खाचेत, डिस्कपासून लांब लावा, आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवर असतील तर त्या जागेवरूनच चालवता येतात. ब्लू-रेच्या १०८०पी चित्राचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट असतो, ४के ब्लू-रेचा १२८ पर्यंत जातो. पहिलं चांगल्या वाय-फायवर निभतं. दुसऱ्यासाठी नेटवर्कची केबलच टाका, आणि ती गिगाबिट असू दे. पाय ४ ला तशी खाच आहे.

नावं

कंटाळवाणं काम आहे, पण घरातले लोक डबा वापरतील की नाही हे इथेच ठरतं. कोडी फाइलचं नाव वाचतो, त्यावरून इंटरनेटवरच्या द मूव्ही डेटाबेसमध्ये सिनेमा शोधतो आणि पोस्टर, कथा, कलाकार आणून लावतो. नाव धड नसेल तर काहीच सापडत नाही, किंवा भलताच सिनेमा सापडतो.

डिस्कवर चार फोल्डर करा: सिनेमे, मालिका, घरचे व्हिडिओ, फोटो. सिनेमांच्या फोल्डरात प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर, त्याला सिनेमाचं नाव आणि कंसात प्रदर्शनाचं वर्ष. वर्ष फार महत्त्वाचं आहे, कारण एकाच नावाचे सिनेमे डझनावारी आहेत. आतल्या फाइललाही तेच नाव. मालिकेच्या बाबतीत मालिकेच्या नावाचा फोल्डर, त्यात सीझननुसार फोल्डर, आणि प्रत्येक भागाच्या फाइलीत इंग्रजी एस अक्षर, सीझनचा दोन आकडी क्रमांक, मग ई अक्षर आणि भागाचा दोन आकडी क्रमांक, मधे जागा न सोडता.

मग कोडीत व्हिडिओज, फाइल्स, अॅड व्हिडिओज असं जाऊन सिनेमांचा फोल्डर जोडा. यात काय आहे असं विचारेल, तेव्हा मूव्हीज सांगा, आणि प्रत्येक सिनेमा स्वतंत्र फोल्डरात असल्याची खूण करा. मालिकांसाठी हेच, पण टीव्ही शोज सांगून. पहिली छाननी चालू असताना निवांत बसा, शे-दोनशे सिनेमांना बराच वेळ लागतो. एखाद्या सिनेमाला चुकीचं पोस्टर चिकटलं तर तो निवडून माहितीचं पान उघडा, रिफ्रेश म्हणा आणि यादीतून बरोबर तो निवडा.

घरच्या व्हिडिओंच्या फोल्डरला मात्र ‘नन’ सांगा, म्हणजे कोडी त्यांचा शोध घेणार नाही. मी हे विसरलो होतो. मुलीच्या शाळेतल्या नाचाच्या व्हिडिओला कोडीने एका परदेशी भयपटाचं पोस्टर लावलं आणि घरात तो विषय अजून निघतो.

चित्र

नवा डबा जोडल्यावर बारकाईने पाहणाऱ्याला एक गोष्ट खुपते. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा चित्र बारीक हिसके देतं. बोर्ड कमी पडतो असं वाटतं, पण दोष हिशोबाचा असतो. सिनेमे सेकंदाला २४ चित्रांचे असतात आणि टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, परत दोनदा अशी लंगडी चाल चालते, आणि तीच डोळ्याला जाणवते.

उपाय कोडीतच आहे. सेटिंग्जच्या पानावर खाली डावीकडे पातळी लिहिलेली असते, ती एक्सपर्ट करा, नाहीतर पुढचे पर्याय दिसतच नाहीत. मग प्लेअर, व्हिडिओज इथे ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवा. आता सिनेमा सुरू होताना टीव्ही स्वतः २४ वर जाईल. पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, ते घरात आधीच सांगून ठेवा. तेवढ्यात संवाद सुटू नये म्हणून सिस्टिम, डिस्प्ले इथे रिफ्रेश बदलताना थांबायचा कालावधीही ठरवता येतो.

टीव्ही ४के असला तरी कोडीचं स्वतःचं रिझोल्यूशन १०८०पी ठेवा. मेनू ४के मध्ये रंगवताना या बोर्डाची दमछाक होते आणि पोस्टरांची यादी सरकवताना ते जाणवतं. सिस्टिम, डिस्प्ले इथे व्हाइटलिस्ट नावाची यादी आहे. तीत १०८०पी आणि ४के यांचे २४, ५० आणि ६० चे जे प्रकार दिसतील त्यांवर खूण करा. मग मेनू १०८०पी मध्ये राहतो आणि ४के फाइल लावली की टीव्ही तेवढ्यापुरता ४के मध्ये जातो.

आवाज आणि अक्षरं

आवाज टीव्हीतूनच येणार असेल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये चॅनेल २.० ठेवा आणि पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं, बंद. नाहीतर संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाणारे असा प्रकार होतो. अॅम्प्लिफायर किंवा साउंडबार डॉल्बी, डीटीएस ओळखत असेल तरच पासथ्रू सुरू करा, आणि यंत्र जे ओळखतं तेवढ्यावरच खूण करा. न ओळखणाऱ्या प्रकारावर खूण झाली की आवाज गप्प.

सबटायटलची एसआरटी फाइल सिनेमाच्या शेजारी, अगदी त्याच नावाने ठेवली की कोडी ती आपोआप उचलतो. देवनागरी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर साध्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करा. चौकोन दिसले तर फॉन्टचा प्रश्न आहे. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाकून सबटायटलच्या सेटिंगमध्ये निवडा. एसएसएच लागतं ते अशा वेळी.

चित्र अडखळलं तर

अंदाजाने सेटिंगं बदलत सुटू नका. सिनेमा चालू असताना कीबोर्डवर इंग्रजी ओ दाबा. पडद्यावर त्या फाइलची कुंडली येते: कोडेक कोणता, चित्राचा आकार किती, उलगडण्याचं काम हार्डवेअरमध्ये चाललंय की सॉफ्टवेअरमध्ये, प्रोसेसरवर भार किती. सॉफ्टवेअरमध्ये चाललंय आणि भार शंभराच्या घरात आहे, तर फाइल त्या बोर्डाच्या कोडेकमध्ये बसत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामने ती एच.२६४ मध्ये बदलून घ्या. १० बिटचं एच.२६४ हा प्रकार फसवा असतो. नाव ओळखीचं, पण पायच्या हार्डवेअरला तो झेपत नाही.

भार कमी आहे आणि तरी चित्र थांबतंय, तर डेटा वेळेवर पोचत नाही. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. नीट चालली तर वाय-फाय दोषी. कोडी २१ मध्ये सर्व्हिसेसखाली कॅशिंगची सेटिंगं आहेत, तिथे साठा वाढवता येतो, पण तो बारीकसारीक अडथळ्यांपुरता. मुळात कमी पडणाऱ्या वाय-फायला त्याने जीव येत नाही.

आणि कोणी ‘सगळे सिनेमे फुकट’ देणारं अॅड-ऑन (कोडीत वरून घालायचा छोटा प्रोग्राम) सुचवलं तर घालू नका. ते बेकायदा असतातच, शिवाय त्यातला कोड तुमच्या घरच्या नेटवर्कवर काय करतो ते तुम्हाला कळत नाही. कोडीच्या अधिकृत भांडारातली अॅड-ऑनं पुरेशी आहेत.

हात धुण्याआधी

सगळं मनासारखं बसलं की कीबोर्ड काढून ठेवण्याआधी दोन कामं करा. लिब्रेइलेकच्या सेटिंगमध्ये अपडेट आपोआपवरून हाताने करण्यावर आणा. रविवारी संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना डब्याने स्वतःला अद्ययावत करायला घेऊ नये.

दुसरं, त्याच सेटिंगमध्ये बॅकअप आहे. तो घेतला की बॅकअप नावाच्या फोल्डरात एक टार फाइल तयार होते. ती सांबामार्फत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, कारण कार्ड गेलं तर तीही त्याच्याबरोबर जाईल. आणि मेमरी कार्डं आज ना उद्या जातातच. माझं गेलं तेव्हा दुसऱ्या कार्डावर लिब्रेइलेक चढवून ती फाइल परत घातली. साधारण अर्ध्या तासात पोस्टरं, पाहून झालेल्या भागांच्या खुणा, रिमोटची सेटिंगं, सगळं जागच्या जागी होतं. घरच्यांना कळलंसुद्धा नाही.